तिसरं रीळ

माझे वडील लोकांना झोपेतून उठवायचं काम करत. रेल्वेत त्या कामाला कॉलबॉय म्हणायचे. कुठल्या ड्रायव्हरला, कुठल्या गार्डला कोणती गाडी लागली आहे हे स्टेशनच्या लॉबीत ठरलं, की आप्पांनी सायकल काढायची, त्याच्या क्वार्टरवर नाहीतर बाहेरगावचे ड्रायव्हर-गार्ड झोपतात त्या रनिंग रूमवर जायचं आणि त्याला उठवून ड्यूटी सांगायची. पन्नाशी आली तरी हुद्द्यातला 'बॉय' काही गेला नाही, आणि आईला त्यांच्यावर चिडायचं असलं की ती नेमका तोच शब्द काढायची. दौंड जंक्शन पडलं. तिथल्या गाड्यांना दिवस-रात्र कळत नसे, तशी ती आप्पांनाही कधी कळली नाही. दुपारी जेवून ते आडवे होत तेव्हा चटईवर नुसती चादर पसरून ठेवल्यासारखं वाटे. हालचाल नाही, आवाज नाही. पण बाहेर कुणाच्या सायकलचं स्टँड वाजलं की ते उठून बसलेले असत.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं आणि रुळांना चिकटून. शंटिंग चालू झालं, मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले, की फळीवरची भांडी किणकिणत. आई भाकरी थापता थापता कोपरानंच एखादं पातेलं मागे सारायची. मांडवगण फराट्याहून मामा मुक्कामाला आला की त्याला इंजिनाच्या शिट्ट्यांनी झोप लागत नसे, आणि आम्ही त्याच्याकडे गेलो की तिथल्या शांततेनं आमची झोप उडायची. आईच्या हातची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि खलबत्त्यात रगडलेला मिरचीचा ठेचा एवढं पुढ्यात आलं, की एरवी तोंडातून शब्द न काढणारे आप्पा बोलायला लागत. त्यांचा विषय एकच, लोकांची झोप. कोण हाकेआधीच जागा असतो, कोण उशाशी बूट घेऊन झोपतो, कुणाची बायको दारातूनच 'घरात न्हाईत' म्हणून सांगते, हे सगळं ते असं रंगवून सांगत की आईची तव्यावरची भाकरी करपायची. नको असलेली गाडी टाळायला झोपेचं सोंग घेणारे ड्रायव्हर तर त्यांच्या खास आवडीचे. एकदा मी विचारलं, सोंग आहे हे तुम्हाला कळतं कसं? आप्पा म्हणाले, "खरा झोपल्याला मानूस हाक मारली की दचकतो, शिवी घालतो. सोंग घेतल्याला घोराया लागतो. माझी सायकल वाजंस्तवर गप असतो, आन् दारात पाय ठिवला की घोरतो." हे ऐकून मी ठसका लागेपर्यंत हसले होते. पुढं ऐन वेळेला हे आठवायला हवं होतं ते आठवलं नाहीच, पण ते मागाहून येईल.

बी. ए. झाल्यावर मी पुण्याला विद्यापीठात एम. ए.ला नाव घातलं. आमच्या भावकीत मुलीनं एवढं शिकायची पद्धत अजून पडायची होती. आप्पांनी फार विचार न करता होकार दिला होता. पास आहे, गाडी आहे, सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या शटलनं परत यायचं. दर शनिवारी दुपारी विद्यापीठातल्या एका जुन्या दगडी इमारतीत सिनेमा दाखवत. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असे, 'प्रवेश विनामूल्य. नंतर चर्चा.' मी पहिल्यांदा गेले ती काही कलेच्या ओढीनं गेले नाही. शटलला अवकाश होता, बाहेर ऊन होतं आणि हॉलात पंखे होते.

तिथं खुर्च्या होत्या, पुढं सतरंजी होती, आणि मागच्या बाजूला टेबलावर प्रोजेक्टर. तो चालू झाला की पाखडताना सूप वाजावं तसा आवाज करायचा. तो चालवणारा प्रकाश आमच्याच वर्गातला, कवठे येमाईचा. उंच, काळीभोर दाढी राखलेला, रिळांचे पत्र्याचे डबे सायकलला बांधून घेऊन यायचा. एक रीळ संपलं की दिवे लागत, तो दुसरं चढवी, मग पुन्हा अंधार. मी पाहिलेल्या पहिल्या सिनेमात एक परदेशी बाई पीठ मळत होती. मळत होती, मळतच होती. कुणी येईना, काही घडेना. आधी मला हसू आलं, मग कंटाळा आला, आणि मग का कोण जाणे, डोळ्यांना धारा लागल्या. कुणीतरी एवढा वेळ एका बाईच्या हातांकडे बघत बसलं होतं. आईच्या हातांकडे मी एवढं कधी बघितलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी बघितल्याचंही मला माहीत नव्हतं.

सिनेमा संपला की हा कार्यक्रम चालवणारे आमचे सर सगळ्यांना गोल बसवत. सरांचा नियम असा, की प्रत्येकानं निदान एक वाक्य बोलायचंच. 'आवडला नाही' हेही चालेल, पण बोलायचं. हे मला ऐकून ठाऊक होतं. कारण चर्चा सुरू व्हायच्या वेळी मी बससाठी पळत सुटलेली असे; शटल चुकली तर घरी काय सांगणार? मग माझी चर्चा व्हायची ती आईशी, चुलीपाशी. मी गोष्ट सांगायची, तिनं भाकऱ्या करत ऐकायची. 'मंग फुडं?' 'पुढं काही नाही.' 'असा कसा गं शिनेमा?' असं करत करत ती मात्र काही सोडायची नाही. पीठ मळणाऱ्या बाईचं ऐकून तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. आमचं मूळ गाव इनामगाव, तिथल्या टेकाडात हजारो वर्षांपूर्वीच्या चुली सापडलेल्या. आई म्हणाली, "मेलेल्या बायांच्या चुली बघाया लोक कुठनं कुठनं येत्यात. कुनाला जित्या बाईची बघावी वाटली तर बरंच झालं की." आप्पांना मात्र आम्ही एवढंच सांगून ठेवलं होतं की शनिवारी विद्यापीठात कार्यक्रम असतो.

त्यात एका शनिवारी मामा पुण्याला आला. मोटारीचा कसलासा पार्ट हवा होता. भाची शिकते ती जागा तरी बघू म्हणून तो मक्याच्या कणसांची पिशवी घेऊन विद्यापीठात शिरला आणि विचारत विचारत त्या दगडी इमारतीपाशी आला. नेमकी त्याच वेळी मी बाहेर पडत होते. भर दुपारी अंधाऱ्या खोलीतून बाहेर येणारी मी, रडून सुजलेले डोळे, आणि शेजारी दाढीवाला प्रकाश, मला प्यायला पाणी देत असलेला. मामानं एवढंच बघितलं. बाकीचं सगळं त्यानं आपल्या मनानं बघितलं. मला हाक न मारता तो पिशवीसकट मागे फिरला आणि माझ्या आधीच्या गाडीनं दौंडला पोचला.

मी घरी आले तर मामा खाटेवर, कणसांची पिशवी त्याच्या पायाशी, आणि आई चुलीपुढं पाठ करून बसलेली. मामा वाईट माणूस नव्हता. माझ्यासाठी त्यानं एक स्थळ आणलं होतं, साखर कारखान्यात क्लार्क, मुलगा सरळ होता. पण त्या लोकांना उन्हाळ्यातच लग्न उरकायचं होतं आणि एम. ए. पुरं होईपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती. आप्पांनी अजून हो-नाही काही म्हटलं नव्हतं. आता मामाच्या हातात मुद्दा आला होता. तो म्हणाला, "दाजी, फुकाट शिनेमा कोन दावतं का? तुमी इतकी वर्सं पुन्याच्या वाटंवर हाय, कुनी तुमाला फुकाट चा तरी पाजला का?" आप्पांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मला विचारलं, काय असतं तिथं? मी म्हटलं, सिनेमा असतो, मग चर्चा असते. "चर्चा कसली?" आणि इथं माझी बोबडी वळली. मी एकाही चर्चेला थांबलेली नव्हते. मला माहीत नाही, असं मी म्हणाले. ते अगदी खरं होतं आणि ऐकणाऱ्याला शुद्ध थाप वाटावं असंच होतं.

आप्पांनी कणसांची पिशवी उचलून आईकडे सरकवली. मग म्हणाले, "शनवारी मी येतो." मामानं स्थळवाल्यांना तोवर थांबवून ठेवायचं कबूल केलं. म्हणजे सगळं त्या एका दुपारवर येऊन ठेपलं. आप्पांना जागा पटली तर विद्यापीठ, नाही पटली तर घर आणि उन्हाळ्यात लग्न. आईनं कणसं उकडली, मीठ लावून सगळ्यांपुढं ठेवली आणि आम्ही ती मुकाट्यानं खाल्ली. त्या कणसांची चव मला अजून आठवते. कोवळी, गोड होती, आणि घशाखाली उतरत नव्हती.

शनिवारी आप्पा पाठोपाठच्या ड्यूट्या करून आलेले. डोळे लाल, पण अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. आम्ही विद्यापीठात वडाखाली बसून डबा उघडला तेवढ्यात प्रकाश रिळांचे डबे घेऊन आला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, आजचा सिनेमा कसा आहे? तो म्हणाला, सुंदर आहे, एका नावाड्याचा आहे. मग माझ्या वडिलांकडे बघून खाली मान घालून म्हणाला, "फक्त तिसऱ्या रिळात जरा आहे." जरा म्हणजे? "म्हणजे, आहे." ते रीळ गाळता येणार नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, मग गोष्ट कळणार नाही. नाही कळली तरी चालेल, असं मी म्हटलं, पण त्यानं मान हलवली. सर समोर बसलेले असताना त्याच्या हातात तरी काय होतं?

आप्पांनी मात्र त्याला जवळ बोलावून भाकरी आणि ठेचा दिला. गाव विचारलं. कवठे येमाई म्हटल्यावर त्याच्या दाढीकडे बघत म्हणाले, "नवस हाय का यमाईचा?"

"न्हाई आप्पा," प्रकाश म्हणाला, "आळस हाय."

आप्पा हसले. आठवडाभरात पहिल्यांदा हसले, पण मला त्यानं धीर आला नाही. मला तिसरं रीळ दिसत होतं.

आप्पा पुढच्या रांगेत बसले, युनियनच्या सभेत बसावं तसे ताठ, मांडीवर डब्याची पिशवी. मी शेजारी. सिनेमा असा होता, की थंड मुलखातली एक मोठी नदी आहे, नावाडी आहे, आणि पलीकडच्या गिरणीत कामाला जाणारी एक विधवा रोज त्याच्या नावेतून जाते. दोघं बोलत नाहीत. पहिलं रीळ संपलं, दिवे लागले, आप्पा ताठच. दुसरं संपलं, तरी ताठ. मी मनातल्या मनात वीज जावी, प्रोजेक्टर जळावा, निदान रीळ तुटावं, म्हणून काय काय मागितलं. प्रकाशनं तिसरं चढवलं. नावाड्याच्या झोपडीत ती बाई येते. बाहेर बर्फ पडतोय. मी पडद्याकडे बघायचं सोडून आपल्या पायांकडे बघत बसले, आणि पाचही बोटं माझ्या पिशवीच्या बंदात अडकवून वाट बघू लागले की आता आप्पा उठतील, आता म्हणतील चल.

आणि मला शेजारून घोरण्याचा आवाज आला.

आधी बारीक, मग चांगला खणखणीत. मी मान वळवून बघितलं. आप्पांची मान छातीवर पडलेली, डोळे मिटलेले. पडद्यावर काय चाललं होतं ते सगळा हॉल बघत होता, फक्त माझे आप्पा बघत नव्हते. त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायला आजही मला शब्द सापडत नाहीत. मला हसू यायला लागलं. मी पदर तोंडात कोंबला. ते रीळ संपून दिवे लागले तरी आप्पांचे डोळे मिटलेलेच होते, आणि पुढचं रीळ लागल्यावर घोरणं हळूहळू थांबलं. दोन ड्यूट्या करून आलेला माणूस, तो घोरायचाच, असं मी धरून चालले. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिलाही दुसरं काही सुचलं नसतं.

सिनेमा संपला. सगळे सतरंजीवर गोल बसायला लागले. प्रकाश आप्पांना उठवायला वाकला, तर सरांनी हातानं 'राहू दे' म्हणून खुणावलं. आणि मग मी आयुष्यातली पहिली चर्चा ऐकली, ती अशी, की दहाबारा मुलंमुली एका झोपलेल्या माणसाच्या शेजारी बसून दबक्या आवाजात भांडताहेत. नावाड्यानं तिला थांबवायला हवं होतं का, ह्यावर एक मुलगी इतकी चिडली की तिचा आवाज चढला, आणि तिनं लगेच आप्पांकडे बघून तोंडावर हात ठेवला. माझी पाळी आली. मी काय बोलले ते आठवत नाही. आईला सांगते तसं सांग, एवढंच मनाशी म्हटलं आणि आमच्या बोलीत जे आलं ते बोलून टाकलं. कुणी हसलं नाही. सरांनी माझं वाक्य धरून पुढचा प्रश्न विचारला.

तेवढ्यात आप्पांनी डोळे उघडले. सर म्हणाले, काका, इथं प्रत्येकानं एक वाक्य बोलायचा नियम आहे, तुम्हाला कसा वाटला? आप्पा सावकाश उभे राहिले, सगळ्यांना जयभीम घातला.

"मला झोप लागली, साहेब," ते म्हणाले. "माझं काम लोकांना उठवायचं हाय. परक्या जागी माझा डोळा लागत न्हाई, सोयऱ्याच्या घरी सुदिक न्हाई. हितं लागला." मग सतरंजीवरच्या पोरांकडे बघून म्हणाले, "म्हंजी जागा भ्यायची न्हाई." आणि खाली बसले.

परतीची गाडी आम्हाला नेहमीची मिळाली नाही, तिच्या मागची मिळाली. खिडकीपाशी बसलो. हडपसर गेलं, लोणी गेलं, उरुळी गेलं. यवत सोडल्यावर आप्पा बाहेर बघत म्हणाले, "मामाला मी सांगतो. त्यांना घाई हाय, आपल्याला न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् चर्चेला थांबत जा. अर्धं सोडून पळायचं म्हंजी काय? मागच्या गाडीनं ये. मी फलाटावर असतोच." मी मान हलवली. मला एकदम इतकी भूक लागली की डब्यात उरलेली भाकरी मी केडगावच्या आत संपवली, ठेचा संपला तेव्हा कोरडीच खाल्ली. दौंडला उतरले तेव्हा शंटिंगचे धक्के ऐकू येत होते, आणि तो आवाज मला कधी नव्हता एवढा गोड वाटला.

घरी आईला सगळं सांगितलं. आप्पा घोरत होते हे सांगितल्यावर तिचा हात तव्यावर थांबला. "घोरत व्हते? ह्ये?" ती म्हणाली, आणि मग एवढी हसली की भाकरी मधोमध फाटली. मला वाटलं, मी सुटले म्हणून हसते आहे. मामा नंतर पुरं वर्षभर माझ्यावर रुसून होता. पण एम. ए.चा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन पहिला तोच आला, आणि फुकाट आहेत, खा, म्हणाला.

पुढं मला शिरूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. तिथं मी शनिवारचा सिनेमा सुरू केला. फळ्यावर तेच लिहायचे, 'प्रवेश विनामूल्य. नंतर चर्चा.' आता रिळं नव्हती. सीडीच्या चकत्या आल्या होत्या, एक छोटा प्रोजेक्टर होता आणि भिंत होती. पोरं मांडवगणहून, इनामगावहून एसटीनं यायची आणि निम्मी माझ्यासारखीच पळत सुटायची, तेव्हा मी दारात उभी राहून त्यांना शेवटची गाडी कितीची म्हणून विचारायचे. आप्पा तेव्हा निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आले होते. प्रकाश मधूनमधून सिनेमे पाठवायचा; त्याची दाढी तोवर गेली होती, केसही गेले होते. एकदा त्याच्या पाकिटातून तो नावाड्याचा सिनेमा आला. मी हरखून आप्पांना म्हटलं, त्या वेळी तुम्ही झोपलात, आता चला, पूर्ण बघा.

ते आले. पहिल्या रांगेत तसेच ताठ बसले, आता मांडीवर काठी होती. मी शेजारी. नदी आली, नाव आली, गिरणी आली. ती बाई बर्फातून झोपडीकडे चालत निघाली, अजून दारापाशी पोचलीही नव्हती, तेव्हा आप्पा माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "आता बघ, त्यो दिव्यावर घमेलं पालथं घालतो."

पडद्यावर नावाड्यानं दार उघडलं. तिला आत घेतलं. घमेलं उचललं आणि दिव्यावर पालथं घातलं.

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काठी मांडीवर नीट ठेवली, मान छातीवर टाकली, डोळे मिटले आणि घोरायला सुरुवात केली, आधी बारीक, मग चांगली खणखणीत. मागं माझी पोरं फिदीफिदी हसायला लागली. मला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही मी येऊ दिलं. सिनेमा संपला, पोरं सतरंजीवर गोल बसली, एकानं विचारलं, मॅडम, आजोबांना उठवू का?

मी नको म्हटलं, आणि आम्ही हळू आवाजात बोलायला लागलो.